सगळ्या जबड्यांचं माप एकच

कवळीकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत, दात मात्र राहायचे. रस्त्यात कुणी हाक मारली की ते ओशाळवाणं बघत राहायचे आणि समोरचा हसला रे हसला की ओळख पटायची. "हां हां, वरचा डावा सुळा!" भर रस्त्यात! बरोबर सून असली की तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं.

घरामागच्या खोलीत त्यांचा कवळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक टेबल, मेणाचा वास आणि फडताळांवर दात विचकून बसलेले प्लास्टरचे जबडे. अलीकडे दवाखान्यांतून साच्यांऐवजी स्कॅन यायला लागले, म्हणून कॉम्प्युटर आला. काकांनी आधी नाकं मुरडली, मग पडद्यावर जबडा गोल फिरवता येतो हे कळल्यावर ते जेवायलाही उठेनासे झाले. प्रत्येक माणसाचा फोल्डर वेगळा आणि त्यावर नाव काकांनी ठेवलेलं: 'पुढे पडलेला पोस्टमन', 'दात खाणारी वकीलबाई'. दुसरी प्रत ठेवा, असं सून कानीकपाळी ओरडायची. काका म्हणायचे, "ठेवू गं, पळून जातायत का जबडे?"

त्यांतला एक फोल्डर गाण्याच्या बाईंचा होता. बाई शाळेत गाणं शिकवायच्या. खालच्या जबड्यात गाठ निघाली, अर्धा जबडा काढावा लागला, तिथे पायाचं हाड बसवलं. शस्त्रक्रियेआधी त्यांच्या दातांचा स्कॅन घेतला होता. आता ते हाड जबड्याशी जुळून आलं होतं आणि त्या स्कॅनवरून दात करायचे होते. "माझा पुढचा वाकडा दात वाकडाच द्या हं," बाई अडखळत म्हणाल्या होत्या. "सरळ दिलात तर आरशात कुणी भलतीच दिसेल." दवाखान्यातली मूळ फाइल केव्हाच पुसली गेली होती. ते दात आता जगात फक्त काकांच्या कॉम्प्युटरमध्ये होते.

आणि एका सकाळी एकही फोल्डर उघडेना. आदल्या दिवशी कुठल्याशा दवाखान्याचा पेनड्राइव्ह लावला होता, एवढंच निमित्त. काकांनी काय करावं? दुखरा दात सापडेपर्यंत एकेका दातावर टिचकी मारून बघायची त्यांची जन्माची सवय. तसंच त्यांनी प्रत्येक फोल्डरवर टकटक केलं. मग पुन्हा पहिल्यापासून टकटक.

सून एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायची. सुट्टी होती म्हणून घरीच होती. तिने येऊन आधी इंटरनेटची वायर उपटली.

"बाबा, किती वेळा क्लिक केलंत?"

"सगळ्यांवर केलं. न्याय सगळ्यांना सारखा."

तिने कपाळाला हात लावला. पडद्यावर फोल्डर तर नेहमीसारखेच दिसत होते, तीच पिवळी चित्रं, तीच नावं. नावांपुढे तारखा आणि कोण किती जागा खातं त्याची मापं दिसावीत म्हणून तिने यादी उघडली. काका चष्मा सरसावून वाकले आणि बघतच राहिले.

"अगं, हे खोटे आहेत."

"कशावरून?"

"सगळ्यांचं माप एकच आहे बघ. शेवटच्या आकड्यापर्यंत एकच! उभ्या जन्मात मी दोन जबडे एका मापाचे पाहिले नाहीत. जुळ्या भावांचेसुद्धा नाहीत."

सून पडद्याजवळ सरकली. फोल्डरपुढे माप कधी दिसतच नाही, ती जागा कोरी असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त काका बोलेपर्यंत ते तिला आठवलं नव्हतं. तिने फाइलींच्या नावांची लपलेली शेपटं दाखवायला लावली. प्रत्येक नावामागे एकच शेपूट उगवलं: exe. म्हणजे ते फोल्डर नव्हतेच, फोल्डरचं चित्र चिकटवलेले प्रोग्रॅम होते. टिचकी मारली की उघडायच्या ऐवजी चालू होणारे.

"काय हुबेहूब केलंय!" काका अवाक होऊन म्हणाले. खोटे दात खऱ्यासारखे करण्यात हयात गेलेला माणूस! फसल्याच्या रागापेक्षा त्यांना कारागिरीचंच कौतुक जास्त वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली.

सुनेने आत चालू असलेला प्रोग्रॅम शोधून थांबवला, मशीन सुरू होताना तो आपोआप उठायचा ती सोय काढून टाकली. तिच्याकडच्या स्वच्छ पेनड्राइव्हवरून अँटिव्हायरस चालवला. एकेक खोटा फोल्डर उचलला जाऊन बाजूला कोंडला गेला. शेवटचा गेला आणि पडदा रिकामा झाला.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाईंचे दात?"

प्रोग्रॅमने लपवलेल्या गोष्टी दाखव, अशी सुनेने मशीनला आज्ञा दिली, आणि त्या कोऱ्या पडद्यावर फिकट, धुक्यातून यावेत तसे फोल्डर उमटले. पोस्टमन आला. वकीलबाई आली. त्यांच्यापुढे मापाची जागा कोरी होती. बाईंचा फोल्डर तिने उघडला, तर जबडा उमटून सावकाश फिरायला लागला, पुढचा दात शेजारच्याच्या खांद्यावर रेललेला. ते दात आता कुणाच्याही तोंडात नव्हते आणि तरी होते. मग काका डोळे पुसून म्हणाले, "दुसरी प्रत कशी करतात, दाखव मला."

बाईंना दात बसवले त्या दिवशी दवाखान्यात काका सुनेलाही घेऊन गेले. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. बाईंनी जीभ फिरवली, पुढच्या दातापाशी ती थबकली, आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांचा हात झटकन तोंडावर गेला. तो वाकडा दात लपवायची लहानपणापासूनची खोड होती ती, त्या दाताबरोबरच परत आलेली.

मग बाईंनीच तो हात हळूच खाली घेतला.