मामाला पास का मिळत नव्हता

मामा भुसावळला रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल शिकला आणि सुरतेत कित्येक वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करत तिथल्या कारागिरांच्या टीमकडून फॉरवर्ड म्हणून खेळला. पास त्याच्याकडे गेला की गोल, असं सगळे म्हणत. त्या नावावरच सुरतेतल्याच पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलने त्याला कामावर घेतलं. मोसमभर खेळ बघू, मग कायम करू, असं मॅनेजरने सांगितलं होतं. मामीने त्या भरवशावर नवी खोली बघायला सुरुवातही केली.

पण नव्या टीममध्ये मामा चालेना. चेंडू त्याच्या शेजारून निघून जायचा आणि हा पाठमोरा उभाच. त्यात लूमवाल्यांशीच सामना हरल्यावर कुजबुज वाढली. मामाला पास देणारा हाफबॅक सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "चाचा अभी भी पुराने सेठ का नमक खाते हैं."

मला मात्र हाफबॅकचाच संशय होता. त्याच्या भावाला मामाची जागा हवी होती, असं ऐकलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सत्य शोधणं आपलंच काम, असं मला वाटे. सरावाला मी गोलच्या मागे उभा राहू लागलो.

हाफबॅक लबाडी करत नव्हता. तो "चाचा!" अशी हाक देऊन मोकळ्या जागेत चेंडू मारायचा. बाकीचे हाक ऐकून पळत. मामा वळून त्याच्या हाताकडे बघायचा, तोवर उशीर झालेला असे. लूमच्या खात्यात यंत्रांच्या खडखडाटात कोणी हाका मारत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. त्यांची टीमही तशीच खेळायची. आधी हात वर, मग पास.

सवयच असेल, असं मी स्वतःला समजावलं. तरी मामा बुटाची नाडी बांधत असताना मागून त्याला हाक मारली. मग जरा मोठ्याने. तो वळला नाही. समोर गेल्यावर माझा चेहरा बघून मी काय ओळखलंय ते त्याला कळलं.

"कोनले सांगू नको, भाचा," तो हळूच म्हणाला. "बहिराले कामवर कोन ठेवी?"

दुसऱ्या दिवशी मी चाचरत हाफबॅककडे गेलो आणि पास देण्याआधी हात वर कराल का, असं विचारलं.

"क्यूं?"

"लूमवाल्यांची पद्धत आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग मामाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

पुढच्या सामन्यात त्याने हात वर केला. मामा सुटला आणि गोल झाला. मॅनेजर टाळ्या वाजवत होता. हाफबॅक धावत आला, मामाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. मामा नुसता हसला, मान हलवली. हाफबॅकने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

त्याने आनंदाने काही म्हटलं होतं की मामाच्या कानांची परीक्षा घेतली होती, हे मला कळलं नाही. मोसम संपेपर्यंत तो मॅनेजरजवळ उभा दिसला की मी सरकत जवळ जाऊन कान द्यायचो.