टेबलाखालचे पाय

नवस बोलली बायको आणि अनवाणी फिरलो मी. आमच्या घरात अशी वाटणी नवी नाही. देवीपुढे हात जोडून तिनं सांगितलं, पोरीचं यंदा जमू दे, नवरात्राचे नऊही दिवस पायात चप्पल घालणार नाही. घरी आल्यावर तिला आठवलं की आपल्याला शुगर आहे आणि डॉक्टरांनी अंगणातसुद्धा अनवाणी जायला बंदी केली आहे. मग नवरा-बायको म्हणजे एकच, देवीला काय फरक पडतो, असा न्याय करून तिनं माझी चप्पल उचलली आणि माळ्यावर टाकली.

नेरला माझं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. खाली सतत तारेचे तुकडे, नट, बोल्ट पडलेले असतात. पहिल्याच दिवशी टाच फाटली. ऑक्टोबरचं ऊन, रस्त्याचं डांबर तापलेलं, आणि भेटेल तो माणूस पायाकडे पाहून हात जोडायचा. मी पण हात जोडायचो. खरं सांगत बसलो असतो तर बायकोची अब्रू गेली असती आणि माझीही राहिली नसती.

सहाव्या माळेला निरोप आला. मुलगा राजूरकडच्या कोळसा खाणीत इंजिनिअर, नोकरी पक्की, वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त, यवतमाळात स्वतःचं घर. आमची मुलगी यवतमाळच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, रोज बसनं जाते-येते. फोटो पसंत पडला होता, पत्रिका जुळली होती. आता दोन्ही घरांनी एकत्र बसून जेवायचं आणि काय ते ठरवायचं, असं त्यांनी सुचवलं. घरी नको, यवतमाळच्या बायपासला नवीन रेस्टॉरंट झालं आहे, तिथं या. बायकोला वाटलं, देवी पावली. मला वाटलं, एवढ्या लवकर पावायला देवीलाही काही कामं नसावीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं पोचलो. काचेचं मोठं दार, दारावर निळ्या ड्रेसातला गार्ड, आणि दाराशेजारी पाटी. लुंगी, बनियन, हाफ पँट घालून किंवा अनवाणी आलेल्यांना प्रवेश नाही. गार्डनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि हात आडवा केला. माणूस वाईट नव्हता. त्यानं आत जाऊन मॅनेजरला बोलावून आणलं.

मॅनेजर पोरगाच होता. नवस आहे म्हटल्यावर त्यानंही हात जोडले, पण दार काही सोडलं नाही. मालकानं हे नियम नागपूरचं कुठलंसं हॉटेल पाहून आणले होते, आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसला होता. मी म्हटलं, समोरच्या दुकानातून स्लीपर आणतो, दोन तासांचा तर प्रश्न आहे. बायकोनं माझा दंड धरला. ज्या कामासाठी नवस, त्याच कामाच्या वेळी तो मोडायचा म्हणजे देवीच्या तोंडावर दार लावण्यासारखं, असं तिचं म्हणणं. चप्पल घालावी तर नवस मोडतो आणि न घालावी तर ज्यासाठी नवस केला ते हातचं जातं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

काचेतून आतली मंडळी दिसत होती. मुलाच्या वडिलांनी हात हलवून बोलावलंसुद्धा.

मुलगी म्हणाली, वापस जाऊ. तिच्या आईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. तेवढ्यात मॅनेजरला कळवळा आला.

"काकाजी, मागून या, किचनमधून," तो हळूच म्हणाला. "टेबलाले कापड हाय, पाय दिसत नाई. पन एकदा बसले का उठू नका. मालकानं पाह्यलं तर माही नोकरी जाईन."

त्या दोघी समोरून गेल्या. मी इमारतीला वळसा घालून, उष्ट्या ताटांच्या टबाजवळून किचनमध्ये शिरलो. फरशी ओली होती, तिच्यावर तेलाचा थर. एका आचाऱ्यानं भाजी परतता परतता माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं आणि सरकून वाट दिली. तळपायाला कांद्याची सालं चिकटली. हॉलचं दार अर्धवट उघडून मॅनेजरनं मालकाची पाठ वळायची वाट पाहिली आणि मला खुणावलं. आयुष्यात मी कधी कोणाच्या शेतातली बोरंसुद्धा चोरली नाहीत, आणि मुलीच्या सोयऱ्यांकडे चोरासारखा चाललो होतो. खुर्चीत बसलो, पाय मागे ओढून घेतले आणि पांढरं कापड गुडघ्यांवर नीट केलं.

त्यांना वाटलं, मी हात धुवून आलो.

समोर मुलाचे आई-वडील, मुलगा आणि त्याची बहीण. बहीण पुण्याला असते, दिवाळीपर्यंत माहेरी आलेली, जीन्समध्ये. मुलगा बरा वाटला. बोलायचा कमी, आईकडे पाहायचा जास्त. एसीची हवा नेमकी माझ्या पायांवर येत होती. बसमध्ये तहान लागली म्हणून मी बाटलीभर पाणी प्यायलो होतो, त्या पाण्यानं आता आपलं काम सुरू केलं. बाथरूम गल्ल्याच्या पलीकडे होतं आणि गल्ल्यावर मालक. मी मांड्या आवळून बसलो आणि पाऊसपाण्याच्या, सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी करत राहिलो.

मुलाच्या आईनं हळूहळू घरचे रिवाज सांगायला घेतले. आवाज गोड होता. त्यांच्याकडे सून साडीतच असते, ड्रेस चालत नाही. मोठ्यांसमोर पदर डोक्यावर. नोकरीचं म्हणाल तर राजूरहून यवतमाळ रोज कुठं जमणार, आणि गरजही नाही. आमची मुलगी ताटातल्या साबुदाण्याकडे पाहत होती. तिनं त्या दिवशी ड्रेसच घातला होता, हिरवा, जपून प्रेस केलेला. ज्या लॅबमध्ये ती सकाळपासून माणसांचं रक्त तपासते, ती नोकरी मिळाली तेव्हा तिनं दुकानात येऊन मला पेढा भरवला होता, हातातला पानाही मला ठेवू दिला नव्हता. ती नोकरी समोरची बाई ताटातली मिरची बाजूला काढावी तशी काढत होती.

बायकोनं वातावरण हलकं करायला हसून विचारलं, ताई नाही वाटते साडी नेसत?

"तिची गोष्ट वेगळी आहे," मुलाची आई म्हणाली. "ती पुण्याला असते ना."

मला तोंड उघडायचं होतं. पण घशात शब्द आला की आधी पायांची आठवण यायची. जो माणूस स्वतः चोरवाटेनं येऊन बसला आहे, त्यानं दुसऱ्याच्या रिवाजावर काय बोलावं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो मी खात होतो.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. टीव्हीवरच्या एका मालिकेतला हिरो, शहरातल्या कुठल्याशा मंडळाच्या देवीच्या दर्शनाला आलेला, जेवायला तिथं आला. सोबत दहा-पंधरा पोरं आणि तेवढेच मोबाईल. मालक गल्ला सोडून धावला. गार्डनं दोन्ही हातांनी दार उघडून धरलं. हिरोच्या अंगात कुर्ता होता, आणि पाय उघडे होते. माझ्यासारखेच, धुळीनं भरलेले. मालकानं स्वतः स्वच्छ टॉवेल आणवला आणि त्याच्या पायाखाली अंथरला.

हॉलमधलं एकूण एक माणूस उठलं. मुलाचे वडील पोरासारखे धावले. मुलगा, बहीण, आई, सगळे गेले. माझी बायकोही नकळत उठली आणि माझ्याकडे पाहून परत बसली. अख्ख्या हॉलमध्ये खुर्चीला चिकटलेला मी एकटा. मॅनेजर पाण्याचा जग घेऊन जवळून गेला. त्यानं माझ्याकडे पाहायचं टाळलं.

खरं सांगतो, त्या हिरोचा मला राग आला नाही. त्यानं थोडीच सूट मागितली होती. बिचाऱ्याला घास घेऊ देईनात, प्रत्येकाच्या खांद्याला खांदा लावून हसावं लागत होतं. मोठ्या माणसासाठी नियम वाकवला तर वाकवा, जग असंच चालतं, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. पण त्याच्यासाठी वाकवलेला तोच नियम माझ्यासाठी मात्र सरळ उभा ठेवला, ते मला लागलं. देवी एक, महिना एक, धूळसुद्धा याच गावची. त्याच्या पायाखाली टॉवेल आणि माझ्या पायाखाली कांद्याची सालं.

मुलाचे वडील फोटो पाहत पाहत परत आले. चेहरा नुसता फुलला होता.

"एवढा मोठा माणूस, पण पायात चप्पल नाही," ते म्हणाले. "नऊ दिवस पाळतो म्हणे. याला म्हणतात संस्कार. तुम्ही उठलेच नाही?"

बायको घाईनं म्हणाली, यांचे गुडघे दुखतात. झालं. मुलाच्या आईनं लगेच चमचा खाली ठेवला. कधीपासून दुखतात, वात आहे का, तुमच्या वडिलांनाही होता का, मुलीला तर काही त्रास नाही ना? एका खोट्याला झाकायला बायको दुसरं आणत होती, आणि मी त्या दोन्हींच्या खाली बसलो होतो. लघवीची कळ आता पोटात शिरली होती. मला फक्त उठायचं होतं. लग्न, नवस, इंजिनिअर जावई, सगळं एका पारड्यात आणि उठून उभं राहणं दुसऱ्या पारड्यात, अशी माझी गत झाली होती.

फोटोमुळे मुलाच्या वडिलांची कळी खुलली होती. गुडघ्यांचं त्यांनी हसण्यावारी नेलं. दिवस चांगला आहे, म्हणाले, आमच्याकडून पसंती आहे, दसऱ्याला साखरपुडा करून टाकू. मग माझ्याकडे वळले. "तर मग हो समजायचं?"

टेबलाखाली बायकोच्या सॅंडलनं माझ्या पायाचं बोट दाबलं. ती खूण होती, हो म्हणा. फाटलेल्या टाचेचाच तो पाय. मी दुखण्यानं डोळे मिटले, आणि ते उघडायच्या आत मुलगी बोलली. आवाज चढवला नाही.

"माह्या बाबाले आज मागच्या दारानं आत यावं लागलं. तेबी अनवाणी हायेत, त्या हिरोसारखेच, तेबी माह्यासाठी. म्हनून ते उठून नाई राह्यले, गुडघ्याले काई झालं नाई." तिनं ओढणी नीट केली. "तुमच्या घरी मले तसं नाई यायचं."

मुलानं पहिल्यांदाच आईऐवजी आमच्या मुलीकडे पाहिलं, पण उशीर झाला होता. त्याच्या आईनं टेबलाचं कापड बोटभर उचललं आणि खाली वाकून पाहिलं. मुलाचे वडील मला म्हणाले, मुलगी फार बोलते तुमची. मी तिला रागवावं म्हणून ते थांबले. बायकोही थांबली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिचा पाय अजून माझ्या बोटावर होता.

मी तो हळूच बाजूला केला आणि उभा राहिलो.

गुडघे ठणठणीत होते. म्हटलं, जेवण छान झालं, आता निघतो. दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी पोरीनं बोलायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. हॉलच्या मधून चालताना पांढऱ्या फरशीवर माझे तेलकट ठसे उमटत होते. परत गल्ल्यावर बसलेल्या मालकानं मान वर केली. मी आधी बाथरूमला गेलो, सावकाश, मग परत त्याच्या समोरूनच दाराकडे निघालो. मला भीती वाटत होती, अजून वाटते. अशी सोयरीक परत दारात येईल का, कोणाला माहीत. पण छाती भरून आली होती, तेही खोटं कशाला सांगू?

मुलगी दाराशी माझी वाट पाहत उभी होती. मागून बायको पदरानं डोळे पुसत आली. काचेजवळ पोचलो आणि सवयीनं माझे पाय थबकले, पाटी पाहून. आता हा गार्ड विचारणार, आत कुठून आले, आणि मॅनेजरचं काय सांगायचं, एवढंच डोक्यात. त्यानं माझे पाय पाहिले, मग माझ्या मुलीकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडून धरलं.

"जा ना काकाजी," तो म्हणाला. "बाहेर जायले काई लागत नाई."