आधी एक झाडाला

वडील निफाडकडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरीला जायचे आणि आई नाशिकबाहेर वाट्याने घेतलेल्या तुकड्यात झेंडू लावायची. फुलं विकली गेली नाहीत तर संध्याकाळी भाकरीबरोबर नुसती मिरची. शाळेआधी मी फुलं तोडायला जायचे. बोटं हिरवीकाळी व्हायची, डाग साबणानेही निघायचे नाहीत. वर्गात मी हात दप्तराखाली ठेवायचे.

तोडण्याआधी आई झाडाला हात लावून म्हणायची, "उठ गं बाई, उजाडलं. एक तुला, बाकीची माझ्या लेकरांना." आणि प्रत्येक झाडावर एक टपोरं फूल ठेवायचीच. देवापुढे बसायला तिला वेळ नव्हता. तिची प्रार्थना तेवढीच.

मी बी.कॉम. झाले, घराण्यात पहिली. नोकरी लागली, गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. याचा मला अभिमान आहे. पुढचं मात्र सांगायला जड जातं.

माझी सहा वर्षांची मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे राहिली आणि हे सगळं शिकून आली. घरी बाल्कनीतल्या झाडांनाही उठवू लागली. सोसायटीच्या गणपतीत मुलांना एकेक करून आवडती प्रार्थना म्हणायला सांगितली. बाकीच्यांनी श्लोक म्हटले. हिने स्टेजवरच्या कुंडीतल्या झेंडूला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "उठ गं बाई, उजाडलं..."

लोक हसले. कौतुकानेच हसले असतील. शेजारणीने विचारलं, "हे काय हो, नवीनच?"

मी पटकन म्हणाले, "गावाकडचं काहीतरी. कुणाकडून उचललं, कोण जाणे!"

गणपतीसाठी आलेली आई मागच्या खुर्चीवर बसली होती. मुलगीही तेवढ्यात जवळ आली होती. दोघींनी ऐकलं.

लिफ्टमध्ये आई म्हणाली, "माझं नाव तरी सांगायचं. मी काय चोरून आणलं व्हतं का?"

मी आमच्या मजल्याचं बटण पुन्हा दाबलं.

त्या दिवसापासून मुलगी बाल्कनीतल्या झाडांशी बोलेना. मी श्लोकांचं पुस्तक आणलं, तेही नको. "झाडाला उठवत नाहीस का गं?" विचारलं, तर म्हणाली, "ते गावाकडचं काहीतरी असतं." माझेच शब्द होते.

दसऱ्याच्या तोडणीला तिला घेऊन शेतात गेले. ती बांधावरून खाली उतरेना. मग मीच झाडापाशी वाकले. इतक्या वर्षांत म्हटलं नव्हतं. "उठ गं बाई, उजाडलं. बाकीची मला..."

"घ्या! कालेजात लय शिकली, एवढं येत नाय," आई सरीतून म्हणाली.

"आई, चुकलं!" मुलगी बांधावरून ओरडली. "आधी एक तिला! मग आपल्याला!" आणि धावत आली, माझा हात धरून झाडावर ठेवला.

परतल्यावर फुलं घेऊन शेजारणीकडे गेले. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. ती प्रार्थना माझ्या आईची आहे."

मुलगी आता रोज सकाळी जास्वंदीला उठवते. शेजारी मी असते. आईची प्रार्थना मला आता न चुकता येते.