चिंचेनं उजळलेला पाळणा

आमच्या घरात बाळ येणार असं कळलं की पाळण्याला ऑइल पेंटचा नवा हात बसायचा. आधीचा रंग काढायची पद्धतच नव्हती. माहेराहून माझ्याकडे आलेल्या त्या सागवानी पाळण्यावर भावाच्या वेळचा निळा, माझ्या वेळचा हिरवा आणि मुलीच्या वेळचा गुलाबी असे थर चढले होते.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला भंडाऱ्याला आली तेव्हा मी तो माळ्यावरून काढला. तिनं नखानं एक पोपडा उचलला आणि सांगून टाकलं, हा रंग बाळाच्या तोंडात जाईल, बारशाला मी मोबाइलवरून नवा पाळणा मागवते. तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी म्हटलं, बारशापर्यंत थांब. तेव्हा रंगाचा कण जरी सापडला तरी खुशाल नवा आण.

अंगणात गोणपाट अंथरून मी काचेच्या तुकड्यानं खरवडायला बसले. फळ्या साफ झाल्या, पण गोल गजांच्या खाचांतला रंग हलेना. फॅक्टरीतून निवृत्त झालेला माझा नवरा पेपरच्या आडून करमणूक करून घेत होता.

"काहून त्या लाकडाच्या मागं लागून राहिली तू?" त्यानं विचारलं.

मी कास्टिक सोडा आणला, हातमोजे घालून लावला. रंग झटक्यात सुटला, मी जोरात हसलेही. मग लाकूड वाळलं आणि सोड्यानं पाळणा काळाठिक्कर पडला. तोवर नातही जन्माला आली होती, बारसं तोंडावर होतं. नवऱ्यानं पाळण्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. ते मला फार लागलं. मोरीत जाऊन मी रडून घेतलं.

रडून झाल्यावर बारशासाठीची पितळी परात घासायला घेतली. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या बाईला आणखी काही येवो न येवो, पितळ उजळता येतं. चिंचेचा कोळ फिरवला तसा परातीचा काळपटपणा उतरला आणि माझा हात थांबला. तोच चोथा उचलून मी पाळण्याच्या पायावर घासला. काळं सुटलं, खालून सागाचा तांबूस रंग दिसला. मग काय विचारता! वर्षभराची चिंच त्या दिवशी संपली. नवरा न सांगता दुकानात जाऊन आणखी घेऊन आला आणि बाह्या सरसावून दुसऱ्या बाजूनं घासू लागला. साफ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन, सावलीत वाळवून, पॉलिश पेपर मारून मी त्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला. चटणीवर घेतो तेच तेल.

बारशाला बायका जमल्या. मुलगी मोबाइलचा टॉर्च लावून एकेक खाच तपासत होती. शेवटच्या गजाशी तिचं बोट थांबलं. तिथं मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. माझ्याच वेळचा.

तिनं पदराची पिन काढली, ठिपका उकरून टाकला आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"घाल आई, आता हिले पाळण्यात."

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.