ताडीत टाकलेले बारा तुकडे

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर तासभर बोलायचं आणि समोरच्या माणसांना घड्याळाकडे बघू द्यायचं नाही, हे काही खायचं काम नाही. सुचेता माणगावकर ते दर रविवारी करत. राहायला नवघरला, नोकरी भाईंदर पूर्वेच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळा सहायक म्हणून. चोवीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पण वर्गात उभं राहायचा हक्क नाही. मग कॉलेजने लोकांना नॅनो तंत्रज्ञान समजावण्याचा उपक्रम काढला. रविवार मोडायला एकही प्राध्यापक तयार होईना, तेव्हा ते काम सुचेताबाईंच्या गळ्यात पडलं आणि त्यांना मनापासून आवडलं.

"आपापलं नख बघा," त्या सुरुवात करत. "मी 'एक' म्हणेपर्यंत ते साधारण एक नॅनोमीटर वाढलं." लोक खरंच नखं बघत. मग दोन ग्लासांत पाणी. एकात गुळाचा खडा, दुसऱ्यात तेवढाच किसलेला गूळ. किसलेला आधी विरघळे. "गूळ तोच, पण बारीक केला की त्याचं वागणं बदलतं. आम्ही याहून लाखो पटींनी बारीक करतो." शेवटी चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेल्या कापडाचे छोटे चौकोनी तुकडे वाटायचे. "यावर जंतू टिकत नाहीत. जंतू मेले की वस्तू नासत नाही. घाबरायचं काही कारण नाही!"

त्यांचा नवरा दशरथ म्हणायचा, "लोकांना दिसणाऱ्या वस्तूही विकता येत नाहीत, आणि आमच्या बाई न दिसणाऱ्या वस्तू खपवतात, तेही फुकट."

जानेवारीत समुद्रकाठच्या तारोडी गावात, चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या. तीन आठवड्यांनी गावातली नोरा डबा घेऊन थेट कॉलेजात हजर. साठीची, काटक बाई. डब्यात फुगे होते. ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले हे गोळे तिच्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी लागतातच. एरवी हलके नि मऊ असायचे. हे चपटे होते आणि टेबलावर ठेवताना टक्क वाजले.

"कॉन्रॅडच्या लग्नातले हाय," नोरा म्हणाली. "पोरांनी यांचा बॉल करून क्रिकेट खेळली. मॅडम, तुमी सांगलं का कापड टाकला तर नासत न्हाय. ताडी आदल्या दिवशी आनलेली, उनात आंबट होते. म्हनून मी तुमचा कापड त्यात टाकला."

तीस वर्षं गावच्या प्रत्येक लग्नाचं पीठ नोराने मळलं होतं. आता बायका म्हणत होत्या, नोराचा हात गेला. कॉन्रॅडची आई स्टेफनी तर पुढच्या महिन्यात धाकट्या फ्लॉयडच्या लग्नाला बेकरीचे पाव आणणार होती.

"माझा हात गेला का तुमचा कापड चुकला, तेवढा सांगा. पन गावात येऊन सांगा."

सुचेताबाईंनी डिपार्टमेंटच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ताडीचा काय भरवसा? तीच खराब असेल. तुम्ही उगाच चूक कबूल केलीत तर उद्या कोण ऐकेल आपलं?" हेच तर त्यांना झोंबत होतं. मॅडम म्हणून हाक मारणारी माणसं त्यांना फक्त रविवारीच भेटत.

पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. नोराकडून त्यांनी ताडी मागवली. नवघरच्या ओट्यावर दोन पातेली मांडली, एकातल्या ताडीत कापडाचा तुकडा, दुसऱ्यात नाही. दशरथने घाईघाईने खिडक्या लावल्या. "सुचेता, वास जातोय जिन्यापर्यंत! सोसायटीत काय सांगू?" दुसऱ्या दिवशी दोन्हींत पीठ मळलं. दुपारपर्यंत दोन्ही पिठं सारखीच टम्म वर आली.

कापड निर्दोष! सुचेताबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. फोन उचलला, पण "तुझीच चूक" हे शब्द तोंडातून फुटेनात. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "नोराबाय, तुकडे किती टाकले होतेस?"

"बारा. बाया खुर्चीवर टाकून गेलेल्या, मी जमवले. पातेलाभर ताडी, एका तुकड्यानं कय होनार?"

बारा! हा आकडा विचारायचं त्यांना आधी सुचलंच नव्हतं. पुन्हा ताडी आली, पुन्हा खिडक्या लागल्या. या वेळी बारा तुकड्यांच्या पातेल्यातलं पीठ संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं पडून राहिलं. सुचेताबाई त्याच्याकडे टक लावून बघत बसल्या. पीठ फुगवतात तेही जंतूच. हे त्यांना शाळेपासून माहीत होतं, आणि चाळीस बायकांसमोर त्यांनी बेधडक सांगितलं होतं की जंतू मेलेले बरे.

सरांना न विचारता त्या रविवारी तारोडीला गेल्या. आदल्या दिवशी ताडीच्या तीन पातेल्यांत नोराच्या हातून शून्य, एक आणि बारा तुकडे टाकून घेतले होते. सकाळी नोरानेच तिन्ही पिठं मळली, सगळ्यांच्या देखत. दुपारी फडकी काढली. दोन वर आलेली, बारा तुकड्यांचं तिसरं बसलेलं.

"नोराबायचा हात शाबूत आहे," सुचेताबाई म्हणाल्या. "चूक माझी. मारायचे कोणते आणि जगवायचे कोणते, हे मी सांगितलंच नाही. किती कापडाने काय होतं, तेही नाही."

स्टेफनी उठली, तिसऱ्या पातेल्यात बोट खुपसून पाहिलं. "नोरा, फ्लॉयडच्या लग्नाला पीठ तूच मळ." मग जरा थांबून म्हणाली, "पन कापड घरी ठेव."

हशा पिकला. नोरा मात्र हसली नाही. ती ताडीतून काढून ठेवलेल्या त्या बारा तुकड्यांकडे बघत होती.

"मॅडम, आता हा कापड सगले घालतील. धुतील. ते पानी गटारातून दर्यात येल. तिकडे पन असे बारीक जीव हायत ना? मासली तेच खाते. त्यांचा कय होनार?"

पूर्वीच्या सुचेताबाईंकडे उत्तर तयार असायचं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शोधणारे शोधताहेत. काय सापडलंय ते वाचून येते."

"कवा येनार?" नोराने विचारलं. मागच्या बायकांनीही खुर्च्या पुढे ओढल्या.