जुने ब्रेक लायनर

गॅरेजवाल्याने दोन झिजलेले ब्रेक लायनर माझ्या हातावर ठेवले. "हे बघा ताई, तुमच्या गाडीचे जुने. पार गुळगुळीत झाले होते."

बदललेला भाग गिऱ्हाइकाला दाखवायचा, ही इथली सचोटीची रीत. मी ते उलटेसुलटे करून पाहिले. उद्यापासून लेक हीच स्कूटर घेऊन टेकडीचा उतार उतरून कॉलेजला जाणार, म्हणून चार ठिकाणी चौकशी करून हे गॅरेज निवडलेले. पण हे माझ्याच गाडीचे कशावरून? कोपऱ्यात तसल्याच लायनरांचा ढीग पडला होता. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात, तेव्हाही मी अशीच समजल्यासारखी मान हलवते. दाखवणाऱ्याला समाधान, पाहणाऱ्यालाही समाधान. खात्री नेमकी कुणाची होते, कोण जाणे!

"नवे बसवलेत ना नक्की?" मी विचारलेच.

"मग काय ताई, नवे काय पूजेला ठेवलेत?" तो हसला.

मीही हसले. शेजारी उभ्या लेकीने किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली मुठीत धरली आणि म्हटले, "तू थांब इथेच. उतारावरून आधी मी जाऊन येते."