हाज्जा इन्शिराहचा नदीकाठ

माझी सासू इन्शिराह, जिला सगळे आदराने हाज्जा म्हणतात, आयुष्यात कुणापुढे वाकली असेल तर फक्त नमाजाला. पंधरा वर्षं मी तिच्या हाताखाली काढलीत, तेव्हा हे मी कौतुकाने सांगतेय असं कुणी समजू नये.

कैरोच्या शुब्रा वस्तीत आमच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की समोरच्यांचं न्हाणीघर. आठवडाभर ती शाळेचे गणवेश शिवते आणि शुक्रवारी चटई काखेत मारून नाईलवर जायची. पुलाच्या अलीकडे काठावर एक उंबर आहे. सासऱ्यांनी त्याचं रोप लावलं आणि हिने नदीचं पाणी डब्याडब्याने घालून ते जगवलं. माझा नवरा रगब त्या झाडाखाली चालायला शिकला. मलाही तिने तिथेच बसवून पसंत केलं, माझ्या आईने आणलेल्या लोणच्यांना नावं ठेवत ठेवत.

यंदा हिवाळ्यात काठाला लोखंडी कुंपण पडलं. आत हॉटेल झालं, दारावर तिकीट लागलं. हाज्जा म्हणाली, “माझ्या झाडाखाली बसायला तिकीट? मेले तरी काढणार नाही.” चार महिने चटई पलंगाखाली पडून होती आणि तिचा सगळा राग माझ्या स्वयंपाकावर निघत होता.

मग शम्म-अन्-नसीम, वसंताचा सण, आला. त्या सोमवारी अख्खं कैरो उजाडताच वारा खायला बाहेर पडतं. मुसलमान असो की ख्रिस्ती, रंगवलेली अंडी, कांद्याची पात आणि फसीख, म्हणजे महिनोन्‌महिने मिठात मुरवलेला बोय मासा, हे सगळ्यांच्या पिशवीत असतं. रगबने आदल्या दिवशी गुपचूप तिकिटं काढून ठेवली. त्याला वाटलं, दारात पोहोचल्यावर आई काय करणार आहे? आईला चाळीस वर्षं ओळखून माणूस असा विचार करतो, यावर काय बोलावं!

दारावरच्या रखवालदाराने तिकिटं पाहिली आणि नाक मुरडलं. फसीख मी सात पिशव्यांत गुंडाळला होता, पण त्याचा वास लपतो थोडाच.

“हाज्जा, बाहेरचं खाणं आत चालत नाही.”

“आज सण कुठला आहे, ठाऊक आहे ना रे?”

“आत कोंबडी मिळते की भाजलेली.”

“शम्म-अन्-नसीमला कोंबडी! तुझ्या आईला कळलं तर पाजलेलं दूध परत मागेल ती.”

रांग हसली. हाज्जा मात्र रगबकडे वळली होती. “आणि तू? तू मला तिकीट काढलंस?”

“आई, तुझे गुडघे बघ. पुढच्या वर्षी यायला जमेल, न जमेल. म्हटलं, एकदा झाडाखाली बसून घे.”

तिने कुंपणातून आत पाहिलं. उंबराला नवी पानं आली होती आणि बुंध्याला दिव्यांची माळ गुंडाळली होती. तिचे डोळे भरले. पंधरा वर्षांत मी हे पहिल्यांदाच पाहत होते. मला त्या रखवालदाराचं थोबाड फोडावंसं वाटलं.

“फाड ती तिकिटं,” ती रगबला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “इब्तिसाम, चटई उचल. पुलावर चल.”

पुलाला बेचाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तिने एकेकाचा उद्धार केला, त्यात मीही आलेच. मागे वळून पाहिलं तर दारातून परत फिरलेली सात-आठ कुटुंबं डबे घेऊन आमच्या पाठोपाठ चढत होती.

कठड्याला लागून चटया पसरल्या. खाली नाईल या काठापासून त्या काठापर्यंत मोकळी दिसत होती. वारा उत्तरेचा होता आणि हॉटेल पुलाच्या दक्षिणेला, अगदी खालीच. सगळ्यांच्या पिशव्या एकदम सुटल्या. थोड्याच वेळात खालच्या टेबलांवर लोक नाकाला रुमाल लावून वर बघू लागले. हाज्जाने त्यांना कांद्याची पात हलवून सणाच्या शुभेच्छा दिल्या.

हॉटेलचा व्यवस्थापक धापा टाकत वर आला. घामाने त्याची कॉलर भिजली होती.

“हाज्जा, तुम्ही खाली या. झाडाखालचं टेबल देतो, फुकट. फसीखसकट चालेल. फक्त या सगळ्यांना उठायला सांगा, तुमचं ऐकतील ते.”

हाज्जा झाडाकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, घे गं बाई, तुझंच आहे ते.

“झाडाखाली आत्ता कोण बसलंय?” तिने विचारलं.

“आहेत एक नवराबायको, पोरं आहेत. त्यांना उठवतो ना मी.”

“उठवू नकोस बाळा, पैसे भरलेत त्यांनी. त्यांना सांग, निवांत बसा म्हणावं. सावली इन्शिराहकडून आहे.”

मग तिने पाय लांब केले, गुडघे चोळले आणि दुसरा मासा अजून साफ करायला घेतला नाही म्हणून रगबला दटावलं.